पडलेला फणस सरपणाला देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनारा घासून गेले. दोन्ही वेळा नारळी-पोफळींबरोबर आंब्या-फणसाची जुनी झाडे मुळासकट उन्मळली. वादळ नसले तरी पहिल्या पावसात मुळे उघडी पडून असे एखादे झाड दर वर्षी वाडीत आडवे होतेच. मग अंगण मोकळे करायची घाई सुटते आणि ज्या बुंध्यातून दारे, चौकटी, पाट, देव्हारा झाला असता तो दोन-दोन फुटांचे तुकडे होऊन सरपणाच्या टेंपोत जातो. एकदा तुकडे पडले की त्या लाकडाचे दुसरे काही होत नाही. म्हणून पाऊस तोंडावर असताना हे पत्र लिहीत आहोत. एवढा मोठा ओंडका घरच्या आवारात हाताळता येतो आणि त्याच्या फळ्याही काढता येतात. मात्र क्रम चुकला तर लाकूड वाया जाते, आणि कधी माणूसही.

आधी वजनाचा अंदाज हवा. लाकूड मोजायची आपल्याकडची रीत सोपी आहे. बुंध्याच्या मधोमध दोरी गुंडाळून वेढ इंचात घ्यायचा, त्याला चारने भागायचे, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीच्या फुटांनी गुणून १४४ ने भागायचे. वेढ ९६ इंच आणि लांबी १० फूट असेल तर २४ गुणिले २४ गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे ४० घनफूट. ही व्यवहारातली मोजणी झाली, तिच्यात कापताना जाणारी तूट धरलेली असते. गोल ओंडक्याचे खरे आकारमान ५१ घनफुटांच्या आसपास भरते. ओले लाकूड घनफुटाला २५ ते २८ किलो धरले तर हा ओंडका तेराशे-चौदाशे किलोंचा झाला. चौघांनी मिळून पहार लावली की हलेल, असे हे वजन नाही, हे मनात पक्के असू द्यावे.

सगळ्यात मोठा धोका पहिल्या कापात असतो. उन्मळलेल्या झाडाची मुळे मातीच्या गड्ड्यासकट भिंतीसारखी उभी राहतात. बुंध्याच्या वजनाने ती तशी तोलून धरलेली असतात. बुंधा कापून वेगळा झाला की तो तोल जातो आणि गड्डा एका क्षणात मागे खड्ड्यात आदळतो. कधी तो उलट माणसाच्या बाजूलाही कोसळतो. म्हणून त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या आड कुणीही, विशेषतः मुले, थांबू नयेत. गड्डा दोरखंडाने किंवा साखळीने मागच्या झाडाला बांधावा आणि मुळापासून हात-दोन हात बुंधा सोडून काप घ्यावा. तेवढा बुंधा गड्ड्याला राहिला की तो पुढे लोळत नाही.

दुसरी गोष्ट ताणाची. आडव्या बुंध्याची दोन्ही टोके टेकलेली आणि मधला भाग अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. एकच टोक टेकलेले असेल तर नेमके उलट. कुठल्याही स्थितीत दाबलेल्या बाजूने आधी पाव-एक जाडीपर्यंत काप घ्यायचा आणि उरलेला ताणलेल्या बाजूने पुरा करायचा. असे केले नाही तर पाते काप मिटून अडकते, नाही तर बुंधा उभा चिरत जातो आणि उत्तम लांबीचे लाकूड फुकट जाते. वाकून दबलेल्या फांद्या वर उसळतात, त्या थोड्या थोड्या करून सोडवाव्या. झाड विजेच्या तारेवर असेल तर महावितरणचा माणूस येऊन पुरवठा बंद झाल्याची खात्री करीपर्यंत हात लावू नये. चेनसॉच्या पात्याचे टोक कशालाही टेकू देऊ नये, यंत्र मागे तोंडावर येते. हेल्मेट, जाळीची झडप, कानाला बोळे नव्हे तर मफ, पायात जाड बूट आणि मांडीवर साखळी अडवणारे आवरण हवे. लुंगी-चपलेवर चेनसॉ चालवणारी माणसे आपण रोज पाहतो. ते थांबले पाहिजे.

फांद्यांच्या फळ्या काढायच्या भानगडीत पडू नये. आडव्या वाढलेल्या फांदीचे लाकूड आतून ताणलेले असते. त्याची फळी सुटताच धनुष्यासारखी वाकते आणि रंधा मारला की तंतू लोकरीसारखे उभे राहतात. फांद्या खुशाल सरपणाला जाऊ द्याव्या. राखायचा तो बुंधा.

बुंध्याचे तुकडे वाकाच्या जागी पाडावे. बारा फुटांचा वाकडा ओंडका कापण्यापेक्षा साडेसात आणि साडेचार फुटांचे दोन सरळ तुकडे जास्त फळी देतात. दाराची चौकट सात फुटांची, म्हणून तुकडा साडेसातचा. टोकाचे सहा इंच चिरांना जातात असे धरूनच चालावे.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. टोके त्याच दिवशी बंद करावी. लाकडातल्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे कापलेल्या टोकातून पाणी बाजूंपेक्षा दहा-बारा पटींनी जलद उडते. टोक आकसते, आतले आकसत नाही, आणि मग ताऱ्यासारख्या चिरा पडून त्या दर आठवड्याला आत सरकतात. उरलासुरला ऑइलपेंट जाड दोन हात, पातळ केलेले डांबर किंवा वितळवलेले मेण, काहीही चालेल, पण चार दिवसांनी नव्हे. चिरा दिसू लागल्यावर लावलेल्या रंगाचा उपयोग नाही. हाताशी काहीच नसेल तर शेणमातीचा जाड गिलावा घालून वर ओले गोणपाट ठेवावे.

आंबा आणि फणस यांना एका मापाने मोजता येत नाही. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ आहे. वाळवी त्याला सहजी लागत नाही आणि टोके बंद करून, जमिनीपासून उचलून सावलीत ठेवला तर ओंडका काही महिने थांबू शकतो. कीड लागते ती सालीखालच्या पांढऱ्या भागाला. आंब्याचे तसे नाही. पावसाळी दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत बुरशी आत शिरून लाकडावर निळे-काळे पट्टे उमटतात, पाठोपाठ बारीक भुंगेरे भोके पाडतात. आंबा पडल्यापासून पंधरा दिवसांत फळ्या झाल्या पाहिजेत. ते जमणार नसेल तर जुनी युक्ती आहे. ओंडका तळ्यात किंवा ओढ्याच्या डोहात पूर्ण बुडवून वर दगडांचा भार ठेवावा. पाण्याखाली हवा नाही, म्हणून बुरशी नाही, भुंगा नाही आणि चिराही नाहीत. अर्धवट तरंगता ठेवला तर पाण्याबाहेरचा भाग सडतो.

ओंडका हलवताना उचलायचा विचार सोडून लोळवायचा विचार करावा. खाली दोन सरळ वासे घालायचे, पहारीने अर्धा वेढा द्यायचा, लगेच दोन्ही बाजूंना पाचर, मग पुन्हा. चढावर न्यायचा असेल तर दोन दोर घ्यावे. प्रत्येकाचे एक टोक वर घट्ट बांधावे, दोर उतारावरून खाली आणून ओंडक्याच्या खालून काढावा आणि अंगावरून वळवून परत वर आणावा. ते मोकळे टोक वरून ओढले की ओंडका दोरात गुंडाळल्यासारखा वर लोळत येतो आणि लागणारा जोर निम्मा होतो. दोन फूट उंचीला आठ फूट लांबीचा उतार केला तर तेराशे किलोंच्या ओंडक्याला ओढ सुमारे १६० किलोंची लागते, घर्षण धरून पावणेदोनशे-दोनशे. सहा माणसांना किंवा एका हातविंचला हे झेपते. उताराच्या खालच्या अंगाला कुणीही उभे राहायचे नाही. ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर साखळी मागच्या खालच्या दांड्यालाच अडकवावी. वरच्या उचल-सांध्याला बांधली आणि ओंडक्याचे नाक मातीत रुतले तर ट्रॅक्टर पुढची चाके उचलून चालकाच्या अंगावर उलटतो. नाक रुतू नये म्हणून पुढच्या टोकाखाली जुना पत्रा वाकवून घालावा.

करवत लावण्याआधी साल काढावी. सालीत माती आणि बारीक खडे असतात, फणसाच्या सालीत चीक असतो. दोन्ही मिळून साखळीचे दात एका कापात बोथट करतात. मग खिळे शोधावे. अंगणातल्या आणि बांधावरच्या झाडात खिळा नाही असे सहसा होत नाही. झोपाळ्याचे हूक, कुंपणाची तार, कपडे वाळत घालायच्या दोरीचे खिळे झाडाने गिळलेले असतात आणि बाहेरून काही दिसत नाही. टोकाच्या कापावर निळसर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असे समजावे. लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन तो रंग येतो. हातात धरायचा धातुशोधक मिळाला तर बुंध्याच्या खालच्या सहा फुटांवर चारही बाजूंनी फिरवावा. खिळे बहुतेक तिथेच असतात.

फळ्या काढण्याचे दोन मार्ग आहेत. चेनसॉला बसवायची लोखंडी चौकट मिळते. ती पात्याला आवळली की वरच्या सपाट पृष्ठापासून ठरावीक जाडीवर पाते आडवे सरकते. दुसरा मार्ग बँडसॉचा, म्हणजे पट्ट्यासारखे पातळ पाते फिरणाऱ्या यंत्रकरवतीचा. निवड करताना कापात जाणारे लाकूड मोजावे. चेनसॉचा काप तीन सुतांचा, बँडसॉचा जेमतेम एक सुताचा. दहा इंची ठोकळा म्हणजे ८० सूत. त्यातून एक इंची फळ्या काढल्या तर चेनसॉने सात निघतात, बँडसॉने नऊ. दोन इंची मात्र दोन्हीकडे चारच. म्हणजे जाड फळ्या आणि चौकटीचे सामान घरी चेनसॉने काढण्यात काही तोटा नाही. पातळ फळ्यांसाठी ओंडक्याचे ठोकळे घरी पाडून सॉमिलवर न्यावे. तीस इंची ओंडका टेंपोत चढत नाही, दहा-बारा इंची ठोकळे चढतात. आमच्या मते बहुतेक घरांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

बाजारातला ५८ सीसीचा स्वस्त चेनसॉ तुकडे पाडायला ठीक आहे, फळ्या काढायला नाही. वीस इंच रुंदीच्या कापाला निदान ७० सीसी, तीस इंचाला ९० सीसीच्या आसपासचे यंत्र आणि ३६ इंची पाते हवे. चौकट बसवली की पात्याची तीन-चार इंच लांबी तिच्यातच जाते, ते विसरू नये. साखळी वेगळी लागते. आडव्या कापाच्या साखळीचे दात ३० अंशांवर घासलेले असतात, उभ्या कापासाठी ते १० अंशांवर घासावे लागतात. नेहमीचीच साखळी वापरली तर काप खडबडीत येतो आणि यंत्र दमते. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल लिटरला २० मिली. सलग दहा-दहा मिनिटे पूर्ण जोरात चालवायचे असल्याने मिश्रणात तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. काप संपला की यंत्र लगेच बंद करू नये, एक मिनिट मंद चालू द्यावे. पत्र्याच्या शेडखाली हे काम करू नये, धूर साचतो.

सगळे काम पहिल्या कापावर अवलंबून असते. ओंडका जमिनीपासून दीड फूट उचलून, दोन्ही बाजूंना पाचरी मारून घट्ट करावा. कापायच्या दिशेला थोडा उतार ठेवावा म्हणजे यंत्र स्वतःच्या वजनाने पुढे सरकते. गोल पाठीवर चौकट टेकत नाही, म्हणून वर सरळ ॲल्युमिनियमची शिडी किंवा दोन रंधलेल्या पट्ट्यांची चौकट स्क्रूने बसवतात. ती दोन्ही टोकांना फूटभर बाहेर हवी, नाही तर सुरुवातीला आणि शेवटी पाते खाली झुकते. दोन्ही टोकांवर लेव्हल ठेवून पीळ तपासावा. इथे राहिलेला पीळ पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो, कारण पहिल्या कापाचे पृष्ठ हेच दुसऱ्याचा ओळंबा. स्क्रूची टोके कापाच्या रेषेपर्यंत पोचत नाहीत हे मोजून घ्यावे. पाते दोन फूट आत गेले की मागे कापात लाकडी पाचर हलके ठोकावी आणि दर दोन फुटांवर नवी. पाचर नसेल तर वरचा फाळका खाली बसून पाते आवळतो. धूर येऊ लागला, कापावर तपकिरी करपल्याच्या रेघा दिसल्या किंवा यंत्र ढकलावे लागले तर थांबून दात घासावे. साखळी बोथट असताना काढलेली फळी लाटेसारखी येते आणि रंध्याखाली निम्मी जाते.

मधला दाणा, म्हणजे झाडाचे अगदी केंद्र, कुठल्याही फळीत ठेवू नये. तिथली फळी हमखास मधून तडकते. मधला दोन-अडीच इंचांचा पट्टा बाजूला काढून त्याच्या दोन्ही अंगांच्या फळ्या वापराव्या. एक इंची तयार फळी हवी असेल तर दहा सुतांची कापावी. सुकताना आणि रंध्यात दोन सूत जातात.

फणसाची फळी सुटते तेव्हा ओल्या हळदीसारखी पिवळीजर्द असते. काही आठवड्यांत तिच्यावर मधाचा रंग चढतो आणि वर्षभरात ती तपकिरी होते. तंजावरची वीणा याच लाकडाची होते. आंब्याची फळी फिकट, करडी, तिला औषध पाजल्याशिवाय ठेवू नये. दहा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून, फळी ओली असतानाच, दोन्ही बाजूंना आणि टोकांना भरपूर दोन-तीन हात द्यावे. मग फळ्या एकावर एक घट्ट रचून प्लास्टिकखाली दहा-पंधरा दिवस झाकाव्या. औषध ओलीतूनच आत मुरते, सुकलेल्या फळीवर लावले तर वरच राहते. पावसात ते धुऊन जाते, म्हणून असे लाकूड घरातल्या कामालाच वापरावे. हातमोजे घालावे. आंब्याच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज आणि पुरळ येते, तेव्हा नाकातोंडावर फडके असावे.

सुकवण्याच्या बाबतीत इंटरनेटवरच्या चित्रफितींनी बरीच गल्लत केली आहे. अमेरिकेत घरी ओकचे ओंडके कापणारे लोक एका इंचाला एक वर्ष असा हिशेब सांगतात. त्यांच्या पांढऱ्या ओकला तो लागू आहे. ते लाकूड हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने साडेदहा टक्के आणि त्याला काटकोनात साडेपाच टक्के आकसते, घाई केली की फाटते. सागाचे हेच आकडे ५.८ आणि २.५ आहेत. प्रत्येक लाकडाची आणि हवेची चाल वेगळी. कोकणात अडचण फार जलद सुकण्याची नाही, चार महिने न सुकण्याची आहे. ऑक्टोबरात रचलेली एक इंची फळी मेपर्यंत कामाची होते. दोन-तीन इंचीला दोन उन्हाळे द्यावे लागतात, मधल्या पावसाळ्यात ती सोडलेली ओल पुन्हा घेते.

थप्पी चिऱ्यांवर, जमिनीपासून दीड फूट उंच, दोरी लावून एका पातळीत रचावी. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दीड फुटांवर. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर यायला हवी, ती चार बोटे जरी सरकली तरी फळी त्या जागी कायमची वाकते. पट्ट्या ओल्या असतील तर फळीवर आडवे काळे डाग उमटतात, ते रंध्यानेही निघत नाहीत. वर जांभ्याचे चिरे भार म्हणून, त्यावर पत्रा, बाजू मोकळ्या. एप्रिलचे ऊन थेट पडू देऊ नये. थप्पीतल्या एका फळीवर खूण करून दर पंधरा दिवसांनी ती वजन करावी. सलग तीन वेळा वजन तेच भरले की लाकूड हवेशी जुळले. नेमके कळायला हवे असेल तर फळीच्या मधल्या भागातून शंभर ग्रॅमचा तुकडा कापून भट्टीत १०३ अंशांना वजन थांबेपर्यंत ठेवावा. तो ८८ ग्रॅमवर थांबला तर ओल बारा भागिले ८८, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर.

आता परवानगीचे. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडे आहेत. उभे झाड पाडायला परवानगी लागते. वादळात पडलेल्याचे फोटो काढून, पंचनामा होईपर्यंत बुंध्याला करवत लावू नये. नाही तर भरपाईही जाते आणि लाकूड कुठले हा प्रश्नही उभा राहतो. ठोकळे रस्त्याने सॉमिलवर न्यायच्या आधी वाहतूक पासाबद्दल वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारावे.

इथेच आमची मागणी आहे. पंधरा दिवसांत कापले नाही तर आंबा वाया जातो आणि वादळानंतरच्या पंधरा दिवसांत पंचनामा, पास, सॉमिल हे सगळे जुळणे अवघड असते. तेव्हा वनविभागाने पडझडीच्या काळासाठी एका पानाची मराठी सूचना काढून ती प्रत्येक ग्रामपंचायतीत पावसाळ्याआधी लावावी. पडलेल्या झाडाची नोंद कुठे, पास कोण देणार, स्वतःच्या झाडाच्या फळ्या स्वतःच्या आवारात काढायला कोणते यंत्र चालते, एवढे त्यात असावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. त्यांनी चेनसॉ सुरक्षितपणे चालवण्याचे, टोके बंद करण्याचे आणि थप्पी रचण्याचे दोन दिवसांचे वर्ग दर मे महिन्यात तालुक्याच्या गावी घ्यावे. आणि परवाना असलेली, गाडीवर बसवलेली बँडसॉ गिरणी वादळानंतर गावोगाव फिरवता येईल का, याचा जिल्हा प्रशासनाने विचार करावा. तसे झाले तर टनाचा ओंडका हलवण्याऐवजी यंत्रच ओंडक्यापाशी येईल.

तोवर ज्यांच्या आवारात झाड पडेल त्यांनी बुंध्याचे तुकडे पाडण्याआधी गावातल्या जुन्या सुताराला एकदा बोलावून दाखवावे आणि टोकांना लावायला रंगाचा एक डबा घरात ठेवावा.

कळावे.

आपले,
दापोली तालुक्यातील काही सुतार व बागायतदार